गच्चीवरचं यंत्र

(अमेरिकेतलं एक कारखान्याचं गाव. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर. गुरुवारची दुपार. लांब टेबलावर पिरोहीसाठी, म्हणजे उकडून खायच्या करंज्यांसाठी, पिठाच्या पाऱ्या आणि बटाट्याचं सारण.)

मार्गिता : ...अशी नाही गं, रोझलिन. कड नुसती दाबायची नसते, मुरडायची असते. दाबलेली पिरोही उकळत्या पाण्यात तोंड उघडते. मग उद्या लोक म्हणतील, हुडाकबाई आता थकल्या, पाणीच विकतात.

रोझलिन : मिसेस हुडाक, मी पिरोही करायला आले नव्हते.

मार्गिता : माहीत आहे, तू पेपरवाली आहेस. पण या टेबलाशी रिकाम्या हातानं कोणी बसत नाही. तुझी आईसुद्धा बसायची. तुमचं चर्च वेगळं, तरी दर गुरुवारी यायची. म्हणायची, मार्गिता, तुमच्या पाद्रीबुवांना सांग, बटाट्याला धर्म नसतो.

रोझलिन : तिची मुरड चांगली होती?

मार्गिता : भयंकर. पण हात जलद आणि जीभ त्याहून जलद. तुझी जीभ तशीच आहे. हात मात्र कोणाचे घेतलेस कोण जाणे.

रोझलिन : बरं, मुरडते. तुम्ही मला चावीचं सांगा.

मार्गिता : परत चावी! आल्यापासून तिसऱ्यांदा विचारतेस.

रोझलिन : कारण उद्या सकाळी आमच्या पेपरचे वकील माझा लेख वाचणार आहेत, आणि रविवारी तो छापून येणार आहे. दोन वर्षं घातली आहेत मी त्यात. आमच्या पेपरात आता चारच माणसं उरली आहेत, मिसेस हुडाक. चौथा खेळाच्या बातम्या देतो. यानंतर असं काही करायला आम्हाला कोणी पैसे देणार नाही, आणि माझ्यात जीवही उरणार नाही.

मार्गिता : चेहराच सांगतोय तुझा. कॉफी घे.

रोझलिन : नको. या हॉलच्या गच्चीवर काउंटीचं, जिल्हा सरकारचं, यंत्र आहे ना, ते हवा ओढतं. हवेतली काजळी आतल्या कागदाच्या पट्टीवर बसते, रोज पट्टीचा नवा तुकडा पुढे सरकतो. कागद जितका काळा तितकी हवा वाईट. अख्ख्या गावात हे एकच यंत्र. ते जे सांगेल ते सरकार खरं मानतं.

मार्गिता : मला सांगतेस? चौदा वर्षं आहे ते वर.

रोझलिन : चौदा वर्षांचे आकडे मी वाचलेत. शेजारी तुमच्यासारख्या बायकांच्या तक्रारी ठेवल्या, तारखांसकट. सडक्या अंड्यांचा वास, डोळ्यांची आग, शाळेत मुलांची खोकून उलटी. आणि बरोबर त्याच दिवशी यंत्र काय म्हणतं, तर हवा उत्तम. नुसती बरी नाही हं, उत्तम! जशी काही डोंगरातली.

मार्गिता : यंत्राला नाक नसतं, पोरी.

रोझलिन : असतं. कोणीतरी ते दाबून धरत होतं. चांगल्या दिवशी आकडे चांगले, वाईट दिवशी त्याहून चांगले. हे आपोआप होत नाही. कारखान्याच्या कोळसा भाजणाऱ्या कोक भट्ट्यांतून धूर सुटला की कोणीतरी गच्चीवर जायचं आणि काहीतरी करायचं. कारखान्यानं कोणाला तरी हाताशी धरलं होतं, आणि त्या माणसाकडे गच्चीची चावी होती.

मार्गिता : कोण म्हणे असा?

रोझलिन : चर्चच्या कागदावर चावी डॉमिनिक बार्टोलींच्या नावावर आहे. ते इथले रखवालदार होते. त्यांच्या मुलाला भट्टीवर मुकादमाची जागा मिळाली, तीही यंत्र बसलं त्याच वर्षी.

मार्गिता : डॉमिनिक? अगं, त्याला तळघराच्या या सहा पायऱ्या उतरायला माणूस लागतं. शिडी कसली चढतोय! आणि त्याच्या पोराला जागा मिळाली ती मिलानच्या शब्दावर. माझ्या मुलाच्या. तू डॉमिनिकचं नाव छापणार आहेस?

रोझलिन : म्हणून तर विचारतेय. तो नाही, तर कोण?

मार्गिता : चावी त्याच्या नावावर आहे, पण असते ती इथे. या एप्रनच्या खिशात. ही बघ. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी जात नाही.

रोझलिन : तुम्ही?

मार्गिता : ती पारी वाळतेय, झाक आधी. हो, मी. दुसरं कोण जाणार? यंत्र बसवायला जो मुलगा आला होता ना काउंटीचा, लाल केसांचा, फार गोड. जाताना मला म्हणाला, मिसेस हुडाक, यंत्र महाग आहे, जरा लक्ष ठेवाल का? म्हटलं, ठेवीन की. चौदा वर्षं ठेवलं.

रोझलिन : लक्ष म्हणजे काय करता?

मार्गिता : पक्ष्यांची घाण पुसते, बर्फ झाडते. आणि काळे दिवस असतात तेव्हा झाकते.

रोझलिन : झाकता.

मार्गिता : उशीचा अभ्रा घालते, वरून इलॅस्टिक. चादर घालून पाहिली होती, ती वाऱ्यानं उडते. अभ्रा कसा अगदी मापाचा बसतो.

रोझलिन : मिसेस हुडाक...

मार्गिता : तुझे हात थांबले.

रोझलिन : काळे दिवस म्हणजे कुठले?

मार्गिता : तू याच गावची ना? टेकडीच्या टोकावर आमचं घर, धुराडी पहिल्यांदा दिसायची ती मला. पिवळा लोट वाकडा झाला की मी फोन उचलायची, खालच्या सोफीला सांगायची, कपडे आत घे. सोफी तिच्या खालचीला, ती तुझ्या आईला. पाच मिनिटांत अख्ख्या टेकडीवरच्या दोऱ्या रिकाम्या. मग खिडक्या बंद, सोफ्यावर चादर, पाळण्यावर ओला पंचा. माझी सासू तर देव्हाऱ्यातल्या मारियेच्या तोंडावरही रुमाल टाकायची. आणि पडदे? आमचे पडदे बघायला लोक नदीपलीकडून यायचे. काळ्या गावातले पांढरे पडदे! आता सगळ्यांकडे कपडे सुकवायची यंत्रं आहेत, फोन कोणी करत नाही. पण मी लोट बघितला की अजून उठते. दोरीवर कपडे नसतात, मग गच्चीवर येते.

रोझलिन : आणि बुधवारी काउंटीचा माणूस कागद बदलायला येतो तेव्हा?

मार्गिता : तेव्हा काढून ठेवते ना! पाहुणा यायचा आणि वस्तूवर फडकं? एकदा तो म्हणाला सुद्धा, मिसेस हुडाक, इतकं स्वच्छ यंत्र अख्ख्या काउंटीत नाही. मी त्याला एक डझन पिरोही बांधून दिल्या.

रोझलिन : बारा वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवतो? भट्टीला आग लागली होती आणि धूर धुणारी यंत्रणा तीन महिने बंद होती.

मार्गिता : कशी विसरेन? तेव्हा तर मी एकावर एक तीन अभ्रे घातले होते.

रोझलिन : त्या तीन महिन्यांत यंत्र म्हणालं, हवा उत्तम.

मार्गिता : हो का?

रोझलिन : मिसेस हुडाक, ते यंत्र मळण्यासाठीच ठेवलं होतं. मळेल तेवढं ते खरं बोलणार होतं.

मार्गिता : ...काय म्हणालीस?

रोझलिन : काजळी त्याच्या कागदावर बसायला हवी होती. ती तुमच्या अभ्र्यावर बसली.

मार्गिता : थांब. थांब जरा. हे सारण बाजूला कर. त्या मुलानं मला असं सांगितलं नव्हतं.

रोझलिन : नसेल सांगितलं. त्याला वाटलं असेल, हे सांगायला कशाला हवं. यंत्राला अंघोळ घालणाऱ्या बायका त्यानं कुठे पाहिल्या असतील!

मार्गिता : आणि शाळेच्या मैदानात सभा झाली होती ती? काउंटीचा साहेब आला होता, पडद्यावर हिरवी रेघ दाखवत होता. माझी वेरोना उभी राहून ओरडत होती, माझ्या मुलीला श्वास घेता येत नाही, तुम्ही येऊन वास तरी घ्या. आणि तो म्हणाला, बाई, यंत्र सांगतं की हवा चांगली आहे. ती हिरवी रेघ... ती याच यंत्राची?

रोझलिन : हो.

मार्गिता : मी पहिल्या रांगेत होते. वेरोनाच्या अर्जावर माझी सही आहे, रोझलिन. तिसरी.

रोझलिन : मी पाहिली आहे ती सही.

मार्गिता : लोक हसले तिला. माझ्या मुलीला. कोणीतरी मागून म्हणालं, घटस्फोट झालाय, डोकं ठिकाणावर नाही. दुसऱ्या महिन्यात पोरीला, टेसाला, घेऊन न्यू मेक्सिकोला गेली. आज अकरा वर्षं झाली. नाताळला कार्ड येतं, त्यावर नुसती सही. आणि मी त्या सभेहून घरी आले, तिच्यासाठी रडले, आणि सकाळी लोट दिसला म्हणून...

रोझलिन : पाणी प्या.

मार्गिता : सकाळी गच्चीवर गेले.

मिलान : मा! हे ट्रे वर न्यायचे ना? अरे, रोझलिन टिबेट! शाळेत माझी वही तपासायचीस, आता कारखान्याची तपासतेस. अजून खणणं संपलं नाही का?

रोझलिन : आजच संपलं, मिलान.

मिलान : मग दोघींचे चेहरे असे का? कोण गेलं?

मार्गिता : कोणी नाही. बस. बूट पूस आणि बस. गच्चीवरच्या यंत्राचे आकडे खोटे होते. मी केले खोटे.

मिलान : तू? तुला फोनवरचं घड्याळ लावता येत नाही.

मार्गिता : मी त्याच्यावर अभ्रा घालत होते. धूर आला की. स्वच्छ राहावं म्हणून.

मिलान : ...चौदा वर्षं?

मार्गिता : चौदा वर्षं.

मिलान : रोझ, हसू येतंय मला, पण ते हसू नाही. हे तू छापणार नाहीस.

रोझलिन : उद्या मी डॉमिनिकचं नाव छापायला निघाले होते. ते आता नाही छापणार. पण मग काय छापू? मी दोन वर्षं एक लबाड माणूस शोधत होते. अगदी चाकोरीतला, पैसे खाणारा. आणि निघाली ती मला लहानपणी गूळपाव देणारी बाई.

मिलान : पुढचं ऐक. मी चौतीस वर्षं त्या लोकांत काढली आहेत. सोमवारी त्यांचा वकील काय म्हणेल सांगू? म्हणेल, आमचा काय दोष? चर्चच्या म्हातारीनं यंत्राला टोपडं घातलं, त्यात आम्ही काय करणार? चौदा वर्षांचे आकडे रद्द, तक्रारी रद्द. ते हात झटकून मोकळे, आणि माझ्या आईचा फोटो सगळ्या देशभर, लोक हसताहेत.

रोझलिन : म्हणतील. मला माहीत आहे.

मिलान : आणि मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत.

रोझलिन : तेही माहीत आहे. नाव न घालता लिहिता येईल. चर्चमधली एक स्वयंसेविका. वकील ऐकतील.

मिलान : बघ मा, झालं. एक स्वयंसेविका.

मार्गिता : चावी कोणाच्या नावावर आहे, मिलान? लोक म्हणतील, डॉमिनिकची बायको. ती बिचारी वर्षापूर्वी गेली, बोलायला येणार नाही. सोयीचंच पडेल सगळ्यांना.

मिलान : म्हणू देत. चार दिवस म्हणतील.

मार्गिता : वेरोनाबद्दलही चारच दिवस म्हणाले होते.

मिलान : तिचं मध्ये कशाला काढतेस?

मार्गिता : मध्ये नाही, तीच आहे यात. तू उभा राहिला होतास त्या सभेत. काय म्हणालास तिला, आठवतं?

मिलान : मा.

मार्गिता : रोझलिनसमोर सांग.

मिलान : आकडे खोटं बोलत नाहीत, असं म्हणालो. बस खाली, असं म्हणालो. माझे साहेब मागच्या रांगेत होते. दुसरं काय म्हणणार होतो?

रोझलिन : मिसेस हुडाक, आता वर एखादा अभ्रा आहे का?

मार्गिता : आहे. सोमवारी लोट वाकडा होता. घातला, मग पिरोहीच्या नादात काढायचा राहिला. काल तो काउंटीचा माणूस आजारी होता, आला नाही. देते तुला. पण आधी धुऊन घेते.

रोझलिन : नाही! धुऊ नका. तसाच हवा.

मार्गिता : मळका? तुझ्या हातात? मी माझ्या आयुष्यात कोणाला मळकं कापड दिलेलं नाही.

रोझलिन : जे कागदावर बसायचं होतं ते सगळं त्या कापडावर आहे. प्रयोगशाळेत देता येईल. त्यांच्या वकिलाला म्हणता येईल, हे घ्या, चौदा वर्षं नाही, पण चार दिवस तरी आमच्याकडे आहेत. मिसेस हुडाक, माझ्याकडे तेवढाच पुरावा उरलाय.

मिलान : चावी दे, मा. त्या शिडीवर तू आता परत चढायचं नाहीस. कधीच नाही.

मार्गिता : दुसरी पायरी सैल आहे. डावीकडे पाय दे.

रोझलिन : गेला तो. तुम्ही त्याच्यावर रागावू नका.

मार्गिता : राग कसला? त्याच्या वडिलांनीही भट्टीच्या माथ्यावर तीस वर्षं काढली. संध्याकाळी शर्ट उकळताना पाणी तीनदा काळं व्हायचं. मी म्हणायची, स्टेफान, हे छातीतही जात असेल. तो म्हणायचा, छाती तू धुऊ नकोस, शर्ट धू. गेला तेव्हा त्रेसष्टचा होता. मी शर्टच धूत राहिले, रोझलिन. जे हाताला येतं तेच माणूस धुतो.

रोझलिन : माझी आईही.

मार्गिता : हो. तुझ्या आईच्या पायऱ्या! गुडघ्यांवर बसून ब्रशनं घासायची, दर शनिवारी. तिच्या घराच्या पायऱ्यांवरून जेवता आलं असतं. तिलाही शेवटी प्राणवायूची नळी होती ना?

रोझलिन : दोन वर्षं. मी तेव्हापासूनच हे आकडे वाचायला लागले.

मार्गिता : हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

रोझलिन : काम करताना आपलं सांगायचं नसतं. आणि आता थकलेय म्हणून सांगितलं.

मिलान : मा. हा कधी घातला म्हणालीस?

मार्गिता : सोमवारी.

मिलान : सोमवार ते गुरुवार. फक्त? रोझ, पिशवी उघड. मी रोज भट्टीवर काजळी बघतो, अंगाला लावून घरी येतो, मला काही वाटत नाही. तिथली वस्तू तिथे. पण हा आपल्या घरचा अभ्रा आहे. कडेला वेरोनाची नक्षी आहे, लग्नात भरलेली. ती निळी होती ना?

मार्गिता : निळी होती. ती सगळे अभ्रे इथेच ठेवून गेली. म्हटलं, वापरात तरी राहतील.

मिलान : चार दिवस. आणि शाळा इथून हाकेच्या अंतरावर.

रोझलिन : मिलान, तो माझ्या हातात दे. झटकू नकोस.

मिलान : कारखान्यात कोणी विचारलं तर सांग, मी काढून दिला. लिही तसं.

रोझलिन : विचार कर. तीन वर्षं राहिलीत तुझी.

मिलान : केला. शिडीवर केला. फार उंच नाही ती, पण वेळ लागतो.

मार्गिता : माझंही लिही. स्वयंसेविका नको. मार्गिता हुडाक, वय त्र्याऐंशी, चावी माझ्याकडे होती. आणि हे लिही की वेरोना खरं बोलत होती. तिचं नाव नीट लिही, सभेच्या बातमीत तेव्हा चुकवलं होतं तुमच्याच पेपरनं.

रोझलिन : लिहीन. पण लोक हसतील, मिसेस हुडाक. मिलान म्हणाला ते खरं आहे. कारखाना तुमच्याआड लपेल. मला ते थांबवता येणार नाही.

मार्गिता : हसू देत. आता मला ऐकू कमी येतं. फक्त वेरोनाला पेपरातून कळायला नको. रविवारच्या आत मी सांगितलं पाहिजे. तिचा नंबर घरी मारियेच्या मूर्तीमागे ठेवलाय मी, आता जाऊन...

मिलान : माझ्याकडे आहे.

मार्गिता : तुझ्याकडे?

मिलान : दर नाताळला काढतो. बघतो आणि ठेवून देतो. थांब, लावतो. तिकडे आता दुपारच असेल. घे. वाजतोय.

रोझलिन : मी बाहेर थांबते.

मार्गिता : बस तू. पिरोही राहिल्यात अजून... हॅलो? वेरोना? ...कोण? टेसा? टेसा बाळ, आजी बोलतेय. मार्गिता आजी. ...हो गं, तीच. केवढा मोठा झाला तुझा आवाज! ...इतकी धापा का टाकतेस? दम लागलाय का? बस खाली, औषध आहे ना जवळ? ...काय? पळत घरी आलीस? ...कुठून? ...किती म्हणालीस? सहा मैल? रोज? ...नाही, नाही. काही नाही. ऐकतेय मी. बोल. ...छान. फार छान, बाळ. ...आई आहे का घरी? तिला बोलाव. ...नाही गं, कोणी गेलं नाही, सगळे आहेत. तिला म्हणावं, आजीला काही सांगायचं आहे. ...अंगणात आहे? ...मग तिचं काम आटपू दे. मी धरते फोन.